टपावर झोपणारा माणूस

माझे सासरे अण्णाजी हिवरे यांनी पस्तीस वर्षं ट्रक चालवला. हिंगणघाटच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या आणि हैदराबाद, गुंटूर, कधी थेट कोइमतूरला नेऊन उतरवायच्या. महिन्यातले वीस-बावीस दिवस ते रस्त्यावर असत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी स्टेअरिंग सोडून वर्ष झालं होतं, म्हणून त्यांचं ते आयुष्य मी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलंय. आणि ऐकवण्यात मामाजी, मी त्यांना मामाजीच म्हणायचे, फार कंजूष. गोष्ट सुरू करायचे आणि "असं होय ते" म्हणून मधेच सोडून द्यायचे.

एक गोष्ट तेवढी ते आवडीनं सांगत. ट्रकच्या केबिनवर जो सपाट पत्रा असतो, चारी बाजूंनी लोखंडी कठडा असलेला, त्याला आमच्याकडे टप म्हणतात. मामाजी टपावर झोपायचे.

"थंडी असो का गर्मी, आपली सतरंजी टपावर," ते माझ्या मुलीला, काजलला, सांगत. "बाकीचे डायवर केबिनमंधी घामानं भिजत. मी वरतं राजावानी."

"आन् पाणी आलं तर?"

"ताडपत्री घ्याची अंगावर. पाण्यानं कोनी मरत नाई."

घरीही ते ओसरीत बाज टाकून झोपत, पौषातसुद्धा. माझ्या सासूबाई, आनंदाबाई, त्यावरून रोज बडबड करायच्या, आणि शेवटी आणखी एक गोधडी नेऊन पायांवर टाकायच्या. सासूबाई करोनानंतरच्या वर्षी गेल्या. त्यानंतर सहा-सात महिन्यांत मामाजींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी आम्हाला वाटलं, दुःखानं. मग बटणं लागेनात, आवाज बारीक झाला, चेहरा लाकडासारखा झाला. सेवाग्रामला नेलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. दिवसातून चार वेळा गोळी, तीही घड्याळ लावून. गोळीचा असर असेपर्यंत माणूस बरा, उतरला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती ती मला नवलाची वाटली. म्हणाले, अशा माणसाला सपाट फरशीवर चालणं अवघड जातं, पण जिना चढणं सोपं वाटू शकतं. पायरी डोळ्यांसमोर दिसते, म्हणून पाय उचलला जातो. आणि तसंच होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मामाजी पाच-पाच मिनिटं अडकून उभे राहत, पण गच्चीवर मात्र कठड्याला धरून चढून जात.

माझे यजमान कैलास यांचं नांदगाव रोडला वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फाटकं, फवारणीच्या टाक्यांचे सांगाडे ते बनवतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरात एक जुनी बोलेरो आहे. इतकंच आमचं घर.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात काजलनं आजोबांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणी नवरा-बायको लडाखला गेलेले. गाडीच्या टपावर एक पेटी, ती पुस्तकासारखी उघडते, आतून तंबू उभा राहतो आणि बाजूनं शिडी खाली येते. त्यात गादी, खिडक्या, सगळं.

"आबाजी, पाहा, तुमच्यासारखे लोकं टपावर झोपून राह्यले!"

मामाजींनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. संध्याकाळी कैलास दुकानातून आले तेव्हा हात धुवायच्या आधीच त्यांच्यासमोर मोबाइल धरला.

"हे आपल्याले जमते काय?"

कैलासनी नीट पाहिलं. "जमते. मजबूत कॅरिअर बनवा लागन. त्याच्यावर प्लायची फळी, वरतून ताडपत्रीचं कापड. जमते, बाबा."

"मंग बनव. हैदराबादपर्यंत जाऊ. माह्या रस्त्यानं."

सासूबाई गेल्यापासून त्यांनी काही मागितल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी कैलास बोलेरोच्या टपाचं माप घेत होते आणि मामाजी खाली उभे राहून टेपचं दुसरं टोक धरून होते. हात हलत होता, टेप हलत होता, आणि दोघंही हसत होते.

चार दिवसांनी कैलासचा विचार बदलला. त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांनी हिशेबानं विचार केला. बोलेरो बारा वर्षांची, टपाचा पत्रा नरम झालेला. दोन माणसं, फळी, गादी एवढं ओझं वर. त्यात शिडी. कंपवाताचा माणूस अर्ध्या झोपेत लघवीला उठला आणि पाय चुकला तर? त्यापेक्षा ट्रेलर बनवावा. ट्रॉल्या बनवण्यात त्यांचा हात बसलेला. दोन चाकांवर लहानशी खोली, दार गुडघ्याइतक्या उंचीवर, दोन पायऱ्या, आत पलंग. गाडीच्या मागं हुकला लावायची, मुक्कामाला पोचलं की सोडून उभी करायची आणि गाडी घेऊन कुठंही फिरायचं.

जेवताना त्यांनी हे सांगितलं. मामाजींनी घास खाली ठेवला.

"मांगं बसून येऊ काय मी?"

"बसाचं गाडीतच हाये, बाबा. समोरच्या सीटवर. झोपाचं तेवढं ट्रेलरमंधी."

"मांगं माल राह्यते. डायवर नाई राहत मांगं."

"तुमी आता डायवर नाई ना, बाबा."

हे वाक्य कैलासच्या तोंडून निघून गेलं. मामाजींनी ताट सरकवून ठेवलं. मग त्यांनी आपली बाजू मांडली, आणि ती साधीसुधी नव्हती. ट्रेलर मागं लावला की गाडी शेताच्या अरुंद पांदणीत घालता येत नाही, घातली तर वळवता येत नाही. रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं, कैलासला त्याची सवय नाही. खड्ड्यात हुकला हिसका बसतो. आणि शेवटी म्हणाले, "सपाट जमिनीवर पाय अडकते माहे. शिडीवर नाई अडकत. डॉक्टरनं सांगतलं तुह्यासमोर."

"चढाचं सांगतलं. उतराचं नाई सांगतलं," कैलास म्हणाले.

तो वाद आठ-दहा दिवस चालला. कैलास मोठ्यानं बोलत नसत, मामाजींचा आवाज तर निघतच नसे, तरी घरात सगळीकडे तो वाद भरून राहिला. एका संध्याकाळी मी अंबाडी निवडत बसले होते. मामाजी उंबऱ्यापर्यंत आले, तिथं अडकले, मग कसेबसे आत आले.

"मंजुषा, तू सांग त्याले. तू मास्तरीण हायेस. तुहं आयकते तो."

मी म्हणाले, "मामाजी, ट्रेलरच बरा. तुमच्यासाठीच म्हणून राह्यलो ना आमी."

हे खरं नव्हतं. म्हणजे पूर्ण खरं नव्हतं. मी रोज पाचला उठत होते. त्यांची गोळी, त्यांची आंघोळ, त्यांच्या शर्टाची बटणं, काजलचा डबा, मग शाळा. दुपारी धावत येऊन पुन्हा गोळी. उद्या ते शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं तर सगळं माझ्या अंगावर पडणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्या कामाकडे पाहिलं. हे मी कैलासनाही कधी सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

मामाजी "बरं" म्हणाले. वळले. उंबऱ्याशी पुन्हा त्यांचे पाय चिकटले. मी भाजी निवडत राहिले, उठले नाही.

ट्रेलर पोळ्यानंतर सुरू झाला आणि दिवाळीत पूर्ण झाला. गिऱ्हाइकांची कामं आटोपून कैलास त्यावर राबत. मामाजी दुपारची गोळी घेऊन दुकानात खुर्ची टाकून बसत. पहिले काही दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. मग एक दिवस सांगाडा चाकांवर उभा राहिला तेव्हा त्यांनी कैलासना जवळ बोलावलं.

"चाकं थोडे मांगं घे. वजन हुकवर पडलं पाह्यजे. मांगं जास्त झालं तर हे शेपटी हलवन आन् गाडीले घेऊन जाईन."

कैलासनी दोन दिवसांचं वेल्डिंग कापलं आणि चाकांचा आस वीतभर मागं घेतला. त्यानंतर मामाजी रोज काहीतरी सांगू लागले. मला वाटलं, रुसवा गेला. पत्र्याच्या भिंती चढल्या, आतून प्लाय लागलं, धूळ येऊ नये म्हणून सगळ्या फटी बुजवल्या गेल्या. दाराशी कैलासनी मामाजींच्या हाताच्या उंचीवर एक दांडी लावली, घासून घासून गुळगुळीत केली. एवढ्या मायेनं केलेलं काम मी त्यांच्या हातून दुसरं पाहिलेलं नाही.

हैदराबादच्या आधी जवळच एक मुक्काम करून पाहू, असं ठरलं. वडनेरच्या पुढं हायवेला लागून शोभाबाईचा धाबा आहे. मामाजी ट्रकवर असताना तिचा नवरा धाबा चालवायचा, आता ती चालवते. दिवाळीनंतरच्या शनिवारी दुपारी आम्ही निघालो. मामाजी समोरच्या सीटवर, काच खाली, आणि ट्रेलर मागं सरळ रेषेत. वेणा नदीचा पूल ओलांडला तेव्हा त्यांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "हलत नाई." कैलासचा चेहरा उजळला.

शोभाबाईनं अण्णाजींना ओळखलं आणि नंतर त्यांचा हात पाहिला. "काऊन जी, असं काय करून घेतलं?" एवढंच म्हणाली आणि बेसन-भाकर वाढायला गेली. काजल आणि मी तिच्या घरातल्या खोलीत झोपलो. कैलास आणि मामाजी ट्रेलरमध्ये.

सकाळी साडेसातला मी चहा घेऊन ट्रेलरपाशी गेले. दार उघडं होतं. कैलास गाढ झोपलेले. शेजारची जागा रिकामी. हातातला चहा मी पायरीवर ठेवला. मी संडासाकडे धावले, शेताच्या बांधाकडे पाहिलं. तेवढ्यात शोभाबाई चुलीपाशी उभी राहून बोट वर करून दाखवायला लागली.

मामाजी बोलेरोच्या टपावर होते. सामानाच्या कॅरिअरमध्ये मांडी घालून, हायवेकडे तोंड करून. सहाची गोळी त्यांनी स्वतःच घेतली होती, ती लागेपर्यंत थांबले होते, आणि मग ट्रेलरच्या हुकच्या दांड्यावर एक पाय, मागच्या स्टेपनीवर दुसरा, असे चढून गेले होते. त्यांच्या अंगावर सोलापुरी चादर होती. आणि त्यांचा चेहरा, दोन वर्षं लाकडासारखा झालेला, सैल पडला होता.

"मामाजी, वरतं कसे काय गेले?"

"चहा इथंच दे," ते म्हणाले.

मी पेला अर्धा केला, म्हणजे सांडणार नाही, आणि टाचा उंचावून वर दिला. ते चहा प्याले. समोरून एक ट्रक गेला. "गाठी हाये," ते म्हणाले. "ताडपत्री कशी ताणली पाह्य. गुंटूरचा माणूस असन." मग दुसरा गेला, त्याला म्हणाले रिकामा. असे सात-आठ ट्रक आम्ही पाहिले, ते वर आणि मी खाली. मी कैलासना उठवायला हवं होतं आणि मी उठवलं नाही, याचा मला आजही आनंद आहे. त्या सगळ्या वर्षातली तेवढी पंधरा-वीस मिनिटं माझ्याजवळ चांगली आहेत.

मग कैलास बाहेर आले. वर पाहिलं. आणि भीती वाटली की माणूस जसा ओरडतो तसे ओरडले.

"उतरा खाली! काय लावलं हे? पडले तर लोकं म्हणतीन पोराले बाप सांभाळता येत नाई! उतरा म्हणतो ना!"

धाब्यावरच्या लोकांनी माना वळवल्या. मामाजी उतरायला उठले. एक पाय कठड्याबाहेर काढायला गेले आणि तिथंच थिजले. पाय ना पुढं ना मागं. दोन्ही हातांनी कॅरिअर धरून ते तसेच वाकलेले राहिले.  चढताना पायरी दिसते. उतरताना खाली दिसतो तो फक्त खड्डा.

कैलास लगेच वर चढले. त्यांना धरून पुन्हा बसवलं. मी आणखी एक गोळी दिली. अर्धा तास गेला, तास गेला. घाबरल्यावर गोळीही लागत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. दोन-तीन वेळा प्रयत्न केला, दर वेळी ते कठड्याशी येऊन थिजत. खाली आता दहा-बारा माणसं जमली होती. कुणीतरी मोबाइल वर धरला. शोभाबाईनं चिमटा हातात घेऊनच त्याला हाकललं.

शेवटी धाब्यावरची एक बाज आणली. तिथं गाड्या लावलेल्या चार ट्रकवाल्यांनी दोर काढले. बाज टपावर चढवायची, मामाजींना तिच्यावर झोपवून बांधायचं आणि चार बाजूंनी दोर सोडत खाली घ्यायची. एकजण बाजेच्या पायाला दोर बांधत होता. मामाजींनी ते पाहिलं.

"अशी गाठ नोको मारू," ते बारीक आवाजात म्हणाले. "वजन पडलं का सुटन. उलटी फिरव. आता खालून घे. हं."

त्या माणसानं गाठ सोडून पुन्हा मारली. मग दुसऱ्या पायाची, मग तिसऱ्या. चारही गाठी मामाजींनी तपासल्या आणि मग स्वतः आडवे झाले. कैलासनी त्यांच्या छातीवरून दोर घेतला आणि गाठ मामाजींनी सांगितली तशीच मारली. बाज खाली आली. एकदाही तिरपी झाली नाही. जमिनीला टेकली तेव्हा मला दिसलं की त्यांचा पायजमा ओला झालाय. मी माझी ओढणी काढून त्यांच्यावर टाकली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

घरी येताना ते समोरच्याच सीटवर बसले, पण काच वर करायला सांगितली. वेणेच्या पुलावर कैलास म्हणाले, "बाबा, मी रागानं नाई बोललो. मले भेव वाटलं." मामाजींनी मान हलवली. त्यानंतर ते त्या गाडीत हौसेनं कधी बसले नाहीत. हैदराबादचं नाव निघालं नाही. ट्रेलर दुकानाच्या मागं उभा राहिला.

त्यांचं जे काही टिकून होतं ते त्या सकाळनंतर भराभर उतरत गेलं. गच्चीवर जाणं बंद झालं. मग जेवताना ठसका लागायला लागला, मी सगळं पातळ करून भरवायचे. डिसेंबरात एकदा मी त्यांना वरण-भात भरवत होते तेव्हा ते म्हणाले, "त्याचं काम पक्कं हाये. एक जोड हलला नाई. सांगजो त्याले."

"तुमीच सांगा ना, मामाजी."

"तू सांगजो."

मी सांगितलं. कैलास अंगणात जाऊन बराच वेळ नळाखाली हात धूत उभे राहिले.

जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. सेवाग्रामला सहा दिवस होते. सातव्या दिवशी सकाळी गेले. कैलासनी त्यांचा हात धरलेला होता आणि तो हात पहिल्यांदाच थांबलेला होता.

तेरवी झाल्यावर आठवड्यानं एक म्हातारे गृहस्थ एसटीनं आले. नाव रूपराव. आदिलाबादकडे मुलीजवळ राहतात, बातमी उशिरा कळली. मामाजींसोबत वीस वर्षं त्याच लाइनवर ट्रक चालवलेला. त्यांनी फोटोला हात जोडले, चहा घेतला, मग इकडच्या तिकडच्या गोष्टी निघाल्या. काजलनंच त्यांना वडनेरची गोष्ट सांगितली. आबाजी टपावर कसे चढले, मग बाजेवरून कसं उतरवलं.

रूपराव ऐकत राहिले. "आन् त्याच्या आधी रात्री कोठी झोपलते?" त्यांनी विचारलं.

"ट्रेलरमंधी," कैलास म्हणाले. "मी बनवलता त्यायच्यासाठी. बंद, पक्का. दोन-तीनदा म्हणाले दार उघडं ठेव. मी म्हटलं डास येते बाबा, आन् कडी लावली."

रूपरावांनी पेला खाली ठेवला.

"तुमाले मालूम नाई?" ते म्हणाले. "निर्मलच्या घाटातलं?"

आम्हाला काहीच माहीत नव्हतं. शहाऐंशी साली, कैलास सहा वर्षांचे असताना, मामाजींचा ट्रक हैदराबादच्या वाटेवर निर्मलच्या घाटात उलटला होता. केबिन चेपली आणि गाठी घसरून दोन्ही दारांवर येऊन बसल्या. मामाजी आत, अंगठ्याएवढी फट नाही. वरून गाड्या जात होत्या, त्यांचे आवाज आत ऐकू येत होते, त्यांचं ओरडणं मात्र बाहेर ऐकू जात नव्हतं. संध्याकाळी उलटलेला ट्रक दुसऱ्या दिवशी दहा वाजता रूपरावांना दिसला. गाठी काढून, पत्रा कापून त्यांना बाहेर घेतलं तेव्हा ते बोलत नव्हते. तीन आठवडे निर्मलच्या दवाखान्यात होते. घरी त्यांनी कावीळ झाली म्हणून कळवलं.

"आनंदाबाईले सांगू नोको म्हणे," रूपराव म्हणाले. "तिनं आयकलं तर गाडी सोडाले लावन. माह्याकडून सपथ घेतली. तवापासून तो बंद जाग्यात झोपला नाई. केबिनमंधी बसे तरी काच खाली. टपावर काई हौसेनं नव्हता झोपत तो. मंग सवय झाली, मंग आवडाले लागलं असन."

कैलासनी रूपरावांना बसस्टँडवर सोडलं आणि परत आले. मी ताट वाढलं. ते ताटासमोर बसून राहिले.

"त्यायनं सांगाचं नव्हतं काय मले?"

"सांगतलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

"मोठ्या खिडक्या ठेवल्या असत्या," ते म्हणाले. "चारी बाजूनं उघडणारा केला असता. जमलं असतं. काईच अवघड नव्हतं." आणि मग, बाप गेल्यापासून पहिल्यांदा, ते रडले. मी त्यांच्याजवळ बसले. मलाही काही सांगायचं होतं, अंबाडी निवडतानाचं, पण त्या वेळी ते सांगणं म्हणजे माझं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवणं झालं असतं. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

होळीच्या आसपास कैलासनी ट्रेलरच्या भिंती कापून काढल्या. खालचा सांगाडा तेवढा ठेवला, त्याची उघडी ट्रॉली करून एका नात्यातल्या शेतकऱ्याला देऊन टाकली.

रूपराव आता महिन्या-दोन महिन्यांतून फोन करतात. संध्याकाळी जेवणाच्या आधी फोन येतो, कैलास स्पीकर लावतात आणि आम्ही तिघंही बसून ऐकतो. ते काहीबाही सांगतात: कुठला धाबा, कुठला पूल, कुणाशी झालेलं भांडण. मागच्या वेळी त्यांनी सांगितलं की गुंटूरच्या बाजारात अण्णाजी दलालांशी तेलुगूत भांडायचे, आणि भांडण संपलं की त्यांच्याच घरी तेलुगूत गप्पा मारत जेवायचे. काजलनं विचारलं, आबाजींना तेलुगू येत होतं? रूपराव हसले, म्हणाले, मराठीपेक्षा बरं येत होतं.

घरात ते कधी एक शब्द तेलुगू बोलल्याचं आम्हा कुणालाच आठवेना.